जुन्या जीपमधून ऑइल गळतंय? खर्च करण्याआधी मोबाइलने गळती शोधा

जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी असली की पार्किंगमध्ये तेलाचा डाग ठरलेलाच. माझ्या जुन्या डिझेल जीपखाली असाच डाग दिसायला लागला. गॅरेजमध्ये खालून एकदा बघून सांगितलं, "क्रँकचा मागचा सील गेलाय, गिअर बॉक्स उतरवावा लागेल." फोर बाय फोरमध्ये त्यासोबत ट्रान्स्फर केस आणि प्रॉपेलर शाफ्टही काढायचे, म्हणजे मजुरी मोठी. मी थांबलो आणि आधी स्वतः शोधलं. गळत होतं वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग! तेल इंजिनच्या मागून ओघळून बेल हाउसिंगवरून खाली टपकत होतं.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा. थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असते असं नाही. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना हवेने मागे जातं. आपल्याला शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

आधी लेव्हल तपासा

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा, परत घाला आणि बाहेर काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. डिपस्टिकचा आणि किलोमीटर रीडिंगचा फोटो काढून ठेवा. आठवड्याने परत काढा, म्हणजे किती तेल जातंय ते कळेल. लेव्हल खालच्या खुणेखाली असेल तर तेल भरल्याशिवाय गाडी चालवू नका. चालताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा, नाहीतर इंजिन जाम होऊ शकतं.

तेल नक्की कुठलं?

अशा गाडीत इंजिनशिवाय गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलमध्येही तेल असतं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा ठेवा, त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने मार्क करा आणि सकाळी फोटो काढा. डिझेल इंजिनचं वापरलेलं ऑइल काळं असतं. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

गळती शोधायची पद्धत

१. थंड इंजिन डीग्रीजर आणि ब्रशने साफ करा. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि काम झाल्यावर आठवणीने काढा.
२. गाडी १५-२० मिनिटं चालवून आणा. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.
३. मोबाइलचा फ्लॅश लावून वरून खाली हळूहळू व्हिडिओ काढा. जिथे डोकं जात नाही, तिथे मोबाइल जातो. इंजिन चालू असताना मात्र फॅन-बेल्टजवळ हात नेऊ नका, आणि सायलेन्सरचा पाइप गरम असतो हे विसरू नका.
४. तरीही सापडलं नाही तर इंजिन ऑइलसाठीचा यूव्ही डाय मिळतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात तो टाका, गाडी फिरवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. गळतीची जागा चमकते.

नेहमीच्या जागा, वरून खाली

• टॅपेट कव्हरचं पॅकिंग: उष्णतेने कडक होतं. बदलणं तुलनेने सोपं.
• ऑइल प्रेशर स्विच: छोटा पार्ट, पण गळायला लागला की पसारा मोठा.
• ऑइल फिल्टर: नवीन बसवताना जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं तर गळतो.
• क्रँकचा पुढचा सील: पुलीच्या मागे ओलं दिसतं.
• चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेन प्लगचा वॉशर.
• क्रँकचा मागचा सील: हे शेवटी धरा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये तर हा सील दोरीचा असायचा, त्यामुळे थोडा पाझर नवलाचा नव्हता.

ब्रीदर विसरू नका

पिस्टनजवळून थोडा गॅस खाली उतरतो आणि ब्रीदर पाइपमधून बाहेर पडतो. हा पाइप चोंदला की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. पाइप साफ न करता नवीन सील टाकला, तर तोही गळू शकतो.

हे जुगाड टाळा

बोल्ट जोर लावून आवळू नका. पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सिलिकॉन थापू नका. आतल्या बाजूला आलेले तुकडे तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. "स्टॉप लीक" रबर थोडं फुगवतं, फाटलेलं पॅकिंग जोडत नाही.

थांबायचं कधी?

पुठ्ठ्यावर एखाद-दुसरा थेंब असेल आणि लेव्हल टिकून असेल, तर लक्ष ठेवून गाडी वापरता येते. पण तेल गरम सायलेन्सरवर पडत असेल तर आगीचा धोका आहे. क्लच घसरायला लागला असेल तर तेल प्लेटपर्यंत पोचलेलं असू शकतं. अशा वेळी घाटात जाऊ नका, आधी काम करून घ्या. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर पहिल्यांदा तो व्हिडिओ दाखवा. माझं काम त्याच व्हिडिओमुळे एका पॅकिंगवर भागलं.