फोटोओळ

एका बाईने काचेची बरणी हातात धरली आहे. बरणीत तिच्या विहिरीचे पाणी आहे, गढूळ, पिण्याच्या कामाचे नसलेले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, स्ट्यूबेनव्हिल गावाच्या परिसरात, ऑक्टोबर १९७३ मध्ये एरिक कॅलोनियस या छायाचित्रकाराने हे छायाचित्र घेतले. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे लक्ष बाईकडे गेले, मग बरणीकडे, आणि मग खाली लिहिलेल्या मजकुराकडे. तिथून पुढे दोन-तीन वर्षे मी त्या मजकुरातच अडकून पडलो आहे.

मजकूर साधा आहे. बाईचे नाव दिले आहे. तिच्या विहिरीचे पाणी पिता येत नाही, म्हणून तिने एका कोळसा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. कंपनीचेही नाव दिले आहे. पुढे लिहिले आहे, की तिला कित्येक मैलांवरच्या विहिरीवरून पाणी आणावे लागते. आजूबाजूची सगळी जमीन कंपनीने घेतली, बरेच रस्ते बंद झाले, पण ही बाई आपली जागा विकायला तयार नाही. (तिचे नाव मी इथे लिहीत नाही. तिने ते त्या छायाचित्रकाराला सांगितले होते, मला नाही. ज्याला हवे त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचावे, तिथे ते सर्वांना खुले आहे.)

वृत्तपत्रात अशा मजकुराला फोटोओळ म्हणतात. मी बावीस वर्षे तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवला. लग्ने, बारशी, पासपोर्टचे फोटो, आणि अधूनमधून सरकारी कार्यक्रम. इतिहासाचे शिक्षण नाही. इंग्रजीही शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला शिकलो. पण फोटोच्या मागे पेन्सिलीने काय लिहिले आहे, आणि काय लिहिलेले नाही, हे पाहायची सवय धंद्याने लावली. अमेरिकेने स्वतःचे जे फोटो काढून ठेवले, त्यांचा इतिहास मी त्याच सवयीने वाचत गेलो.

तिथे सरकार आणि कॅमेरा यांचे नाते जुने. १८७१ साली यलोस्टोनच्या मुलखात सर्वेक्षणासाठी सरकारी तुकडी गेली, तिच्याबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन काचेच्या प्लेटा आणि रसायने खेचरांवर लादून गेला होता. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्यात जॅक्सनच्या छायाचित्रांचा वाटा होता असे सगळेच मानतात. धबधबे आणि कडे यांना फोटोओळीत जागेचे नाव पुरते. खरी अडचण माणसांपासून सुरू होते.

ती अडचण सर्वांत आधी ओळखली लुईस हाइनने. हा न्यूयॉर्कमधला शिक्षक. १९०८ पासून तो बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने पालथे घालू लागला. मालक आत घेत नसत, म्हणून कधी बायबल विकणारा, कधी आगीची तपासणी करणारा बनून तो शिरे. हाइनचा कॅमेरा मोठा होता, पण त्याचे खरे हत्यार खिशातली छोटी वही. कोटाच्या कितव्या गुंडीची उंची जमिनीपासून किती, हे त्याने मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की त्याची उंची कळे. दक्षिण कॅरोलिनातल्या एका सूतगिरणीतल्या मुलीच्या फोटोखाली नाव आहे, उंची ४८ इंच आहे, आणि कामावर सहा महिने झाले अशी नोंद आहे. मालकाने वयाचा दाखला काहीही दाखवला, तरी अठ्ठेचाळीस इंच खोटे बोलत नाहीत. काँग्रेसच्या ग्रंथालयात समितीचे असे पाच हजारांवर फोटो आहेत. १९१६ साली बालमजुरीविरुद्ध कायदा झाला, १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि टिकेल असा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. तोवर हाइन म्हातारा आणि कफल्लक झाला होता.

त्या काळात महामंदीने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचे फोटो काढण्यासाठी सरकारने एक विभाग उघडला होता. १९३५ सालचा पुनर्वसन विभाग, पुढे त्याचेच शेती सुरक्षा प्रशासन झाले. त्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. स्ट्रायकर स्वतः फोटोग्राफर नव्हता. अर्थशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकासाठी चित्रे जमवताना तो फोटोकडे वळला, आणि त्या पुस्तकात त्याने वापरलेल्या फोटोंत हाइनचे पुष्कळ होते. हाइनने त्याच्याकडे काम मागितले. स्ट्रायकरने दिले नाही. १९४० साली हाइन वारला. या विभागाचे कौतुक मीही करतो, पावणेदोन लाखांच्या आसपास कृष्णधवल निगेटिव्ह त्याने जमवल्या. पण हा नकार मला विसरता येत नाही. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत न आवडलेल्या निगेटिव्हवर स्ट्रायकर पंचने भोक पाडायला लावत असे. कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या शेतावर काळा वाटोळा ठिपका. डार्करूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या पोटात ते पाहून गोळा येतो.

याच विभागाचा एक फोटो जगाला ठाऊक आहे. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातले निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. डोरोथिया लँग महिनाभराच्या दौऱ्यानंतर पावसात घराकडे निघाली होती. तळाची पाटी मागे टाकून वीस मैल गेली आणि मनाला राहवेना म्हणून परत फिरली. तिथे तंबूत एक आई मुलांना घेऊन बसलेली. लँगने थोडेच फोटो काढले. शेवटचा फोटो म्हणजे ‘मायग्रंट मदर’. लँग एरवी नोंदींच्या बाबतीत काटेकोर, लोकांचे बोलणे शब्दशः टिपून घेणारी. त्या दिवशी मात्र तिने नाव विचारले नाही. वय तेवढे विचारले, बत्तीस. चाळीस-बेचाळीस वर्षे ती बाई पुस्तकांत बिननावाची वावरली. १९७८ साली तिने स्वतःच गावच्या वृत्तपत्राला कळवले, की ती मी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जन्म आजच्या ओक्लाहोमात, वंशाने चेरोकी. गाडीचे टायर विकून अन्न घेतले असे लँगच्या नोंदीत आहे. तसे घडलेच नाही, विकायला जास्तीचे टायर होतेच कुठे, असे तिच्या मुलाचे म्हणणे. फोटो सरकारी, म्हणून कुणीही छापावा. तिला त्याचा एक पैसा मिळाला नाही. तिची तक्रार पैशाइतकीच नावाची होती.

उलट उदाहरणही याच विभागात आहे. १९४२ साली गॉर्डन पार्क्स हा तरुण कृष्णवर्णीय छायाचित्रकार वॉशिंग्टनला आला. कपड्यांच्या दुकानात, हॉटेलात, सिनेमागृहात त्याला हाकलून लावले गेले. स्ट्रायकर म्हणाला, या इमारतीत फरशी पुसणारी बाई आहे, तिच्याशी बोल. पार्क्सने तिला मोठ्या राष्ट्रध्वजापुढे केरसुणी आणि मॉप घेऊन उभे केले. पण मला मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. तो तिच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला, पुन्हा पुन्हा गेला. त्या फोटोंखाली एला वॉटसन हे नाव आहे, सरकारी नोकरीची सव्वीस वर्षे आहेत, आणि वर्षाला १,०८० डॉलर पगारावर सहा जणांचे पोट हेही आहे.

आता बरणीवाल्या बाईकडे परत येतो. तिचा फोटो कसा निघाला हे सांगण्याआधी न निघालेल्या एका फोटोची गोष्ट सांगतो. २२ जून १९६९ ला क्लीव्हलंडमध्ये कायहोगा नदीवर आग लागली. कारखान्यांचे तेल आणि कचरा पाण्यावर तरंगत होता, त्याने पेट घेतला. आग लवकर विझली. त्या नदीला ते नवे नव्हते, म्हणून कुणी जळत्या नदीचा फोटो काढला नाही. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ने नदीवर लेख छापला, सोबत ज्वाळांत वेढलेल्या बोटीचा फोटो. देश हादरला. तो फोटो होता १९५२ सालच्या आगीचा.

डिसेंबर १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गिफर्ड हॅम्पशर या माणसाने एक कल्पना मांडली. साफसफाई सुरू करण्याआधी घाण किती होती ते टिपून ठेवू. योजनेचे नाव डॉक्युमेरिका. १९७२ पासून देशभरातले स्वतंत्र छायाचित्रकार रोजावर घेतले, दिवसाला १५० डॉलर, शिवाय फिल्म आणि खर्च. स्ट्रायकरच्या विभागातला आर्थर रॉथस्टीन सल्लागार. फोटो बहुतेक ३५ मिमीच्या रंगीत स्लाइडवर. हॅम्पशरचे सांगणे होते, की जिथे माणूस आहे तिथे पर्यावरण आहेच, त्या दोहोंचा धागा दाखवा. म्हणजे छायाचित्रकाराला जवळजवळ मोकळे रानच दिले.

त्यांनी ते पुरेपूर वापरले. फ्रँक अलेक्झांड्रोविचने क्लीव्हलंडचा धुराने झाकलेला पूल टिपला. लीरॉय वुडसनने बर्मिंगहॅममध्ये भरदिवसा झालेली रात्र टिपली. मायकेल फिलिप मॅनहाइम बोस्टनच्या नेपच्यून रोडवर गेला. तिथे लोगन विमानतळाची धावपट्टी वस्तीला इतकी खेटलेली, की विमाने घरांच्या छपरांना घासून जातात असे वाटावे. खाली माणसे अंगणात बसली आहेत. पुढे त्या रस्त्यावरची घरे विकत घेऊन पाडली गेली. डॅनी लायन एल पासोच्या मेक्सिकन वस्तीत गेला. चार्ल्स ओरिअर कोलोराडो नदीच्या खालच्या खोऱ्यात गेला. हा ओरिअर म्हणजे तुमच्या-आमच्या संगणकाच्या पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळे आकाश आणणारा. ‘विंडोज एक्सपी’चा तो १९९६ सालचा फोटो त्याचाच. जगात सर्वाधिक पाहिलेल्या फोटोंपैकी एक, आणि त्याची फोटोओळ कुणालाच ठाऊक नाही.

फोटोओळींच्या दृष्टीने माझ्या मनात भरला तो टेनेसीचा वृत्तपत्र छायाचित्रकार जॅक कॉर्न. १९७४ साली त्याने ॲपलाचियातल्या कोळसा कामगारांचे फोटो काढले. १९६८ साली फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ माणसे मेली होती, त्यानंतर खाण सुरक्षेचा कायदा झाला, कोळशाच्या धुळीने काळ्या पडलेल्या फुप्फुसांना भरपाई लागू झाली. कॉर्नच्या ओळी म्हणजे छोटे अर्जच. नाव, वय, किती वर्षे खाणीत, कोणता आजार, भरपाई मिळाली की नाही. एक जण एकविसाव्या वर्षी खाणीत जायबंदी झाला, भरपाई मिळायला अठरा वर्षे लागली, असे एका फोटोखाली लिहिले आहे. फोटोत तो नुसता बसलेला दिसतो. ती अठरा वर्षे कोणत्याही लेन्सने दिसली नसती.

आणि उलट टोकाला जॉन एच. व्हाइट. मला विचाराल तर साऱ्या योजनेतले सर्वांत सुंदर फोटो याचे. शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागातले कृष्णवर्णीय जीवन, १९७३-७४. पाण्याच्या फवाऱ्यात नाचणारी मुले, रविवारचे कपडे, दुकाने, म्हातारे. पण त्यातल्या कित्येक फोटोंखाली एकच शेपूट जोडलेले आहे, की शिकागोच्या जवळजवळ बारा लाख कृष्णवर्णीयांपैकी हे एक. फोटोगणिक तेच वाक्य. फोटोत डोळे मिचकावणारा जिवंत माणूस आणि खाली बारा लाखांतला एक. व्हाइटला १९८२ साली पुलित्झर मिळाले. २०१३ साली त्याच्या वृत्तपत्राने सगळेच्या सगळे छायाचित्रकार एका दिवसात कमी केले, त्यात तोही होता.

योजना फार टिकली नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. पेट्रोल पंपांवर ‘पेट्रोल नाही’च्या पाट्या लागल्या, त्याही डेव्हिड फाल्कनरने ऑरेगॉनमध्ये टिपल्या. स्वच्छ हवेपेक्षा स्वस्त तेल महत्त्वाचे झाले. पैसा आटला, वरिष्ठांचा रस संपला आणि १९७७ साली काम थांबले. साफसफाईनंतरचे फोटो काढायचे राहूनच गेले. बावीस हजारांवर छायाचित्रे अभिलेखागारात पडून होती. त्यातल्या सुमारे सोळा हजारांच्या प्रती तयार करून अलीकडे त्या सर्वांना पाहायला खुल्या केल्या. २०१३ साली वॉशिंग्टनला त्यांचे प्रदर्शन झाले. म्हणून माझ्यासारख्याला घरबसल्या ती बरणी दिसली.

ती पाहून मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. १९९३ साली एका सरकारी कार्यालयाने मला एका गावात पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला बोलावले होते. छत्तीसचा रोल. अकरा बाया घागरी घेऊन नळापाशी, मागे नवी टाकी. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे, ‘लाभार्थी महिला’. बस्स. एकीचेही नाव नाही.

मागच्या मे महिन्यात प्रिंट घेऊन मी त्या गावात गेलो. शाळेजवळच्या पारावर एका म्हाताऱ्या मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. तीन बाया त्यांनी ओळखल्या. दोघी आता नाहीत.

“ही आमची आक्का,” त्या म्हणाल्या. “आन् ही मीच की ओ.”

मी पेन्सिल काढली.

“लिहिताय व्हय? मग हेबी लिवा दादा. त्या दिशी टाकीत पाणी न्हवतंच. टँकर आणून वतलं हुतं, तुमच्या फोटूपुरतं. तुमी बी बघितलं हुतं की.”

मी बघितले होते. टँकर शाळेमागे उभा होता. फोटोत तो येऊ नये म्हणून मी दोन पावले डावीकडे सरकलो होतो.

प्रिंटच्या मागे तीन नावे लिहिली, तारीख लिहिली, आणि टँकरही लिहिला. आठ बाया अजून राहिल्या आहेत. मावशी म्हणाल्या, दोघींची माहेरं खालच्या वाडीला, तिथं इचारा. दिवाळीनंतर जाणार आहे.