रबराचे माहेर

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी वर्गात फुगे फुगवणे चालले होते. फुग्याचे रबर झाडाच्या चिकापासून होते, असे मी सहज बोलून गेलो. लगेच एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते झाड मूळचे कुठले?" उत्तर मी उद्यावर ढकलले आणि रात्री पुस्तके काढून बसलो.

रबराचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीकाठच्या घनदाट अरण्यात. रबराच्या पैशावर त्या अरण्यात मानौस शहर वैभवाला चढले. १८९६ साली तेथे भव्य नाट्यगृहही उघडले. पण त्याआधीच, १८७६ साली, हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने सुमारे ७०,००० बिया इंग्लंडला नेल्या होत्या. क्यू येथील उद्यानात त्यांतल्या जेमतेम २,७०० रुजल्या. बरीचशी रोपे सिंहलद्वीपात गेली, पुढच्या वर्षी २२ सिंगापुरास पोहोचली. मग मलायात मळेच्या मळे उभे राहिले आणि ब्राझीलचा व्यापार बसला. पुढे आपल्या केरळातही रबर रुजले.

मग ब्राझीलनेच मळे का लावले नाहीत? मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२८ साली तोही प्रयत्न केला. रान तोडून त्याने रबराची झाडे ओळीने, जवळजवळ लावली. मूळ अरण्यात ही झाडे एकमेकांपासून लांब, दुसऱ्या झाडांच्या गर्दीत वाढतात. तेथली एक बुरशी त्यांच्या कोवळ्या पानांवर पडते, पण तिला पुढचे झाड सहजी सापडत नाही. मळ्यात मात्र तिला रानच मोकळे मिळाले! पाने गळत, नवी फुटत, तीही गळत. अखेर झाड थकून वाळे. १९३४ साली दुसरीकडे मळा घातला, तेथेही तेच. १९४५ साली फोर्डच्या कंपनीने सारे मोडीच्या भावात विकले.

आज जगातले बहुतेक नैसर्गिक रबर आशियातून येते. विमानांच्या टायरांना त्यावाचून चालत नाही. लेक सासरी सुखाने नांदते आहे, ती माहेरचे दुखणे मागे राहिले म्हणून. ती बुरशी अजून समुद्र ओलांडून इकडे आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी वर्गात सांगितले. तोच मुलगा पुन्हा उठला. "गुरुजी, कुणाच्या सामानातून तिकडचे एखादे पान इकडे आले तर?"

तेवढ्यात घंटा झाली. मुले घरी पळाली. मी खडू हातात घेऊन तसाच उभा होतो.