स्कूबासाठी पहिलं बीसीडी घेताय? रंग आणि खिसे नंतर बघा, आधी वजन आणि माप बघा

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांचे फोटो सोशल मीडियावर कायम दिसतात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, भोवती मासे आणि अंगात एक फुगीर जाकीट. मास्क आणि सिलेंडर सगळ्यांच्या लक्षात राहतात, जाकिटाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. कारण हौस म्हणून केलेल्या पहिल्या डाइव्हमध्ये त्याची बटणं सोबतचा इन्स्ट्रक्टर सांभाळतो.

पुढे रीतसर कोर्स केला की हीच बटणं तुमच्या हातात येतात. या जाकिटाला बीसीडी म्हणतात, म्हणजे ब्युऑयन्सी कंट्रोल डिव्हाइस. सोप्या भाषेत, पाण्यात किती तरंगायचं आणि किती बुडायचं हे ठरवणारं साधन. मास्क, फिन्स घेऊन झाले की डायव्हर पहिली मोठी खरेदी करतात त्यात बीसीडी असतंच. आणि सगळ्यात जास्त चुकणारी खरेदीही हीच असते.

बीसीडी नेमकं काय करतं?

तीन कामं करतं. सिलेंडर पाठीला धरून ठेवतं. पाण्यावर असताना तुम्हाला तरंगत ठेवतं. आणि पाण्याखाली तुम्हाला ना वर, ना खाली, अशा अधांतरी स्थितीत राहायला मदत करतं.

आत हवेची एक पिशवी असते. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या जाड नळीच्या टोकाला दोन बटणं असतात. एक दाबलं की सिलेंडरमधली हवा पिशवीत शिरते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. याशिवाय खांद्यावर आणि कमरेजवळ हवा सोडण्याचे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या दोऱ्या ओढल्या की हवा झटकन निघते. पिशवी गरजेपेक्षा जास्त फुगली तर ती फाटू नये म्हणून जास्तीची हवा आपोआप बाहेर सोडण्याची सोयही असते.

पूर्वी असं काही नव्हतं. फ्रान्समधल्या मॉरिस फेन्झी यांच्या नावाने ओळखली जाणारी, गळ्यात अडकवायची फुगीर पिशवी १९६० च्या दशकात लोकप्रिय झाली. आजचं जाकीट त्यानंतर आलं.

मोठं बीसीडी म्हणजे जास्त सुरक्षित?

नाही. हे समजण्यासाठी शाळेतला बॉईलचा नियम आठवावा लागेल. दाब वाढला की हवेचं आकारमान कमी होतं, दाब कमी झाला की ते वाढतं.

समुद्राच्या पृष्ठभागावर दाब १ बार असतो. दर १० मीटर खोलीला त्यात साधारण १ बारची भर पडते. म्हणजे २० मीटरवर ३ बार. समजा, तिथे तुमच्या बीसीडीत ४ लिटर हवा आहे. तुम्ही काहीही न करता १० मीटरवर आलात, तर तीच हवा ६ लिटर होते. पृष्ठभागापर्यंत तशीच राहिली तर १२ लिटर. एक लिटर हवा तुम्हाला साधारण एक किलोने वर ढकलते. म्हणजे ४ किलोचा धक्का बघता बघता १२ किलोचा होतो. त्यातही शेवटच्या १० मीटरमध्ये हवा दुप्पट होते, म्हणजे सगळ्यात मोठा बदल सगळ्यात उथळ पाण्यात होतो.

हवा वेळेत सोडली नाही तर डायव्हर बाटलीच्या बुचासारखा वर फेकला जातो. त्यात श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसातली हवाही तशीच फुगते आणि फुप्फुसाला गंभीर, कधी कधी जीवघेणी इजा होऊ शकते. म्हणूनच श्वास कधीच रोखायचा नाही आणि वर सावकाश यायचं, हे कोर्समध्ये सुरुवातीलाच शिकवतात.

थोडक्यात, बीसीडीत हवा जितकी कमी, तितका ताबा जास्त. आणि हवा कमी लागावी यासाठी अंगावर शिसं कमी हवं.

नवखे डायव्हर नेमके इथेच फसतात. खाली जाता येत नाही म्हणून कमरेला जास्त शिसं लावलं जातं. मग बुडायला होतं, म्हणून बीसीडीत जास्त हवा भरली जाते. ही जास्तीची हवा खोलीप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि डायव्हर वर-खाली होत राहतो. त्याला वाटतं, आपलं बीसीडी लहान पडतंय. खरं तर शिसं जास्त झालेलं असतं.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी वजनाची चाचणी करा. डाइव्हच्या शेवटी सिलेंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा उरलेली असताना, बीसीडी पूर्ण रिकामं करून, नेहमीसारखा अर्धा श्वास घेऊन पाण्यात उभं राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला असेल आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली जात असाल, तर वजन बरोबर आहे. दगडासारखं खाली जात असाल तर शिसं कमी करा. ही चाचणी इन्स्ट्रक्टर सोबत असतानाच करायची.

मग किती लिफ्ट पुरे?

बीसीडी पूर्ण फुगल्यावर जितकं वजन तोलून धरू शकतं, त्याला लिफ्ट म्हणतात. ती किलो किंवा पाउंडात लिहिलेली असते.

हिशोब असा करता येतो. अंगातला वेटसूट तरंगतो, पण खोलीवर तो दबतो आणि त्याचं तरंगणं कमी होतं. पातळ सूट असेल तर हा फरक दोन-तीन किलोचा धरा. नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलेंडरमधल्या हवेचं स्वतःचं वजन सुमारे अडीच किलो असतं. डाइव्हच्या सुरुवातीला तेही पेलावं लागतं. म्हणजे पाण्याखाली लागणारी लिफ्ट झाली साधारण पाच किलो. पाण्यावर आल्यावर डोकं आरामात बाहेर राहायला आणखी काही किलो लागतात.

गरम पाण्यात, एका सिलेंडरवर, बरोबर वजन घेऊन डाइव्ह करणाऱ्याला १० ते १२ किलो लिफ्ट बहुधा पुरते. थंड पाण्यात जाड सूट घालणाऱ्यांची गरज याहून जास्त असते. बीसीडीच्या खिशांत शिसं ठेवणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. भरलेला सिलेंडर आणि सगळं शिसं लावलेलं बीसीडी, तुम्ही ते अंगातून काढलं तरी, स्वतःच तरंगलं पाहिजे.

तीन मुख्य प्रकार

जाकीट प्रकार: यात हवेची पिशवी पाठीमागून दोन्ही बाजूंनी पुढे येते. पाण्यावर उभं राहायला सोयीचं. बहुतेक डाइव्ह सेंटरांवर हेच असतं, त्यामुळे हाताला सवय झालेली असते. तोटा असा की पूर्ण फुगवल्यावर काहींना छाती-पोटावर दाब जाणवतो.

बॅक इन्फ्लेट: पिशवी फक्त पाठीमागे. पाण्याखाली शरीर आडवं ठेवणं सोपं जातं, छाती मोकळी राहते. पाण्यावर मात्र जास्त हवा भरली तर ते तुम्हाला पुढे ढकलतं. थोडं मागे रेलून, कमी हवा ठेवून तरंगायची सवय करावी लागते.

बॅकप्लेट आणि विंग: धातूची एक पाटी, तिला पट्ट्यांचा हार्नेस आणि मागे स्वतंत्र पिशवी. प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. स्टीलची पाटी घेतली तर तिचंच वजन दोन-तीन किलो असतं, तेवढं शिसं वाचतं. सुरुवातीला पट्ट्या मापात बसवायला वेळ लागतो आणि जाणकाराची मदत लागते.

यातला कोणताही एक प्रकार सगळ्यांसाठी उत्तम नाही. शक्य असेल तर दोन प्रकार भाड्याने वापरून बघा आणि मग ठरवा.

माप कसं बघायचं?

कपड्यांचा एल किंवा एक्सएल इथे चालत नाही. ज्या सूटवर घालणार तो सूट घालूनच बीसीडी चढवा. पट्टे आवळा आणि पिशवी पूर्ण फुगवा. श्वास कोंडता कामा नये. मग कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. बीसीडी कानांपर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे. पाण्यात सिलेंडर पाठीवर डुगडुगतो तो यामुळेच.

महिलांसाठी वेगळ्या कटचे मॉडेल मिळतात. धड आखूड असेल तर नेहमीच्या बीसीडीचा कमरपट्टा कंबरेच्या खाली येतो आणि छातीचा पट्टा चुकीच्या जागी बसतो. त्यामुळे महिलांचं मॉडेल घालून बघाच, पण लेबल बघून नाही, बसतं कसं ते बघून घ्या.

घेण्यापूर्वी या गोष्टी तपासा

- डोळे मिटून हवा भरायचं आणि सोडायचं बटण ओळखता येतं का? घाईत दोन्हींत गोंधळ होणं धोक्याचं असतं.
- हवा सोडण्याच्या प्रत्येक दोरीपर्यंत हात सहज पोहोचतो का?
- शिशाचे खिसे एका हाताने ओढून काढता येतात का? आणि उलटं झाल्यावर ते आपोआप निसटत तर नाहीत ना?
- युरोपीय मानक ईएन १८०९ चा उल्लेख आहे का?

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नाही. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहीलच, याची हमी ते देत नाही.

भारतात डाइव्ह करणाऱ्यांनी काय बघावं?

अंदमान, लक्षद्वीप, गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, सिंधुदुर्ग. सगळीकडे पाणी गरम असतं, त्यामुळे पातळ सूट आणि कमी लिफ्ट भागते. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, म्हणजे बीसीडी वर्षातले काही महिने घरीच राहणार.

दुसरा मुद्दा बॅगेचा. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान नेता येतं. भारी जाकीट चार किलोच्या आसपास जातं, प्रवासासाठीची हलकी मॉडेल दोन-तीन किलोत येतात. अंदमानला जाणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

तिसरा मुद्दा पैशांचा. आपल्याकडे अनेक ठिकाणी डाइव्हच्या दरातच सगळं साहित्य धरलेलं असतं. स्वतःचं बीसीडी नेलं तर दर कमी होतो का, हे आधी विचारा. होत नसेल तर बीसीडीने पैसे वाचणार नाहीत. मिळेल ती फक्त ओळखीच्या, मापात बसणाऱ्या साहित्याची खात्री.

जुनं घेतलं तर?

हरकत नाही, पण पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी ढिलं पडलं तर गळती आहे. पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. हवा भरायचं बटण दाबून सोडल्यावर लगेच वर येतं का, हे सगळ्यात महत्त्वाचं. मिठाचे कण साचून ते अडकलं तर बीसीडी आपोआप फुगत राहतं. अशा वेळी नळी काढून टाकायची आणि दुसऱ्या हाताने हवा सोडायची, हा सराव प्रत्येक डायव्हरने केलेला असावा. जुनं बीसीडी वापरण्याआधी जाणकाराकडून सर्व्हिस करून घ्या.

नवं असो की जुनं, प्रत्येक डाइव्हनंतर बाहेरून आणि आतूनही गोड्या पाण्याने धुवा, पाणी काढून टाका आणि थोडी हवा भरून सावलीत ठेवा.

लगेच घ्यायचं का?

ओपन वॉटर कोर्स नुकताच झाला असेल तर थांबायला हरकत नाही. आधी मापात बसणारा मास्क, मग फिन्स, मग डाइव्ह कॉम्प्युटर. तोपर्यंत आणखी काही डाइव्ह होतील, शिसं किती लागतं ते कळेल आणि कोणत्या पाण्यात जास्त जाणार तेही ठरेल. मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात डाइव्ह सेंटरवर असाल तर वजनाची चाचणी करून घ्यायची आहे, असं इन्स्ट्रक्टरला सांगा. ती झाली आणि दोन किलो शिसं कमी झालं, तर पुढचं बीसीडी निवडणं निम्मं सोपं होतं.