छोट्या जाहिरातींतील मोटारी

बोरघाटातून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना अमृतांजन पूल आठवत असेल. इंग्रजांच्या काळातला तो दगडी पूल कोणत्याही गव्हर्नरच्या किंवा अभियंत्याच्या नावाने कधी ओळखला गेला नाही. त्याच्यावर झळकणाऱ्या डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीनेच त्याचे बारसे केले. द्रुतगती मार्गावरील वाहतुकीला अडथळा होतो म्हणून ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता ओस असताना, तो पाडण्यात आला. जाहिरात गेली, पूलही गेला, पण नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

ही झाली भल्यामोठ्या फलकाची गोष्ट. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरांत छापल्या जाणाऱ्या ‘छोट्या जाहिराती’ आपल्या मागे काय ठेवून गेल्या, हा प्रश्न मला पडला तो वडिलांच्या एका वहीमुळे.

वडील लोणावळ्यात रेल्वेत फिटर होते. घाटमाथ्यावरील एका बंगल्यात मुंबईच्या एका कुटुंबाची शेव्हर्ले फ्लीटमास्टर मोटार असे. महायुद्ध संपल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली, सहा सिलिंडरांची, अंगाने आडवी आणि स्वभावाने सोशीक. वर्षातून दोनदा मालक येत, आणि त्याआधी ती सुरू करून ठेवण्याचे काम वडिलांकडे असे. पगाराचा त्यात फारसा प्रश्न नव्हता. त्यांना त्या गाडीचे वेड होते. गाडीला लागणारे सुटे भाग कुठे मिळतील याच्या शोधात ते वृत्तपत्रांतील जाहिराती कापून एका हिशेबाच्या वहीत खळीने चिकटवीत. आई त्या वहीला ‘बाबांचे पंचांग’ म्हणे.

ही शोधाशोध का करावी लागे, यामागे एक इतिहास आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे आणि शिवडीत त्यांची शेव्हर्ले व्हायची. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की, नुसती जोडणी नको, टप्प्याटप्प्याने गाडी इथेच घडवण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. देशी उद्योगाच्या दृष्टीने ते धोरण योग्यच होते असे मी मानतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर यांना त्यामुळेच घर मिळाले. पण रस्त्यावर आधीच धावत असलेल्या हजारो शेव्हर्ले मात्र पोरक्या झाल्या. आयबापाविना वाढणाऱ्या लेकराला शेजारपाजार सांभाळतो, तसे या गाड्यांना गॅरेजवाल्यांनी, भंगारवाल्यांनी आणि छोट्या जाहिरातींनी सांभाळले.

योगायोग असा की, त्याच १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावी अर्नेस्ट हेमिंग्ज नावाच्या गृहस्थाने ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ सुरू केले. त्यात मुख्यतः जुन्या गाड्यांच्या व सुट्या भागांच्या जाहिरातीच असत, आणि छंदिष्ट मंडळी त्या कादंबरीसारख्या वाचत. इंग्लंडात तर ‘एक्सचेंज अँड मार्ट’ हे खरेदी-विक्रीच्या जाहिरातींचे पत्र १८६८ पासून निघत होते. आपल्याकडे ही परंपरा अशी स्वतंत्रपणे रुजली नाही. आपले ‘हेमिंग्ज’ म्हणजे मुंबईची इंग्रजी दैनिके आणि पुण्याचा ‘सकाळ’. स्थळे, भाड्याच्या खोल्या, शिवणयंत्रे आणि हरवलेल्या कुत्र्यांच्या शेजारी एखादी मोटार आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असे.

वडिलांच्या वहीतली भाषा वाचण्यासारखी आहे. शब्दावर पैसे मोजावे लागत, त्यामुळे क्रियापदाला बहुधा रजाच असे. ‘उत्तम चालू स्थितीत’ म्हणजे चालते एवढेच समजावे, ‘थोडी दुरुस्ती आवश्यक’ म्हणजे बैलजोडी घेऊन जावे, असे वडील सांगत. ‘एकाच मालकाची’, ‘डॉक्टरांनी वापरलेली’ ही प्रशस्तिपत्रे असत. मुंबईच्या जाहिरातीत ‘पारशी गृहस्थाची’ एवढे म्हटले की पुढे काही लिहिण्याची गरज उरत नसे, कारण पारशी माणूस गाडीला मुलासारखे जपतो अशी सर्वांची खात्री होती. पत्ता द्यायचा नसला तर बॉक्स नंबर असे. वडील अशा बॉक्स नंबरांना आंतरदेशीय पत्रे लिहीत. चार पत्रांतल्या एकाला उत्तर येई. त्या एका उत्तरात कधी ‘भाग विकला गेला, पण नाशिकच्या अमक्यांकडे चौकशी करा’ असा पुढचा धागा असे. वॉटर पंपासाठी सुरू झालेला एक पत्रव्यवहार तर पुढे कित्येक वर्षे नाताळच्या शुभेच्छापत्रांच्या रूपाने चालू राहिला. त्या सद्गृहस्थांना वडिलांनी कधी पाहिले नव्हते.

जिथे जाहिरात पोहोचत नसे तिथे पाय पोहोचत. रविवारची पहिली मिस्सा आटोपली की वडील मला घेऊन लोकलने पुण्याला निघत. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जमिनीवर पसरलेल्या लोखंडाच्या ढिगापुढे उकिडवे बसून ते एकेक वस्तू हातात घेऊन फिरवून पाहत. कार्बुरेटर कोणत्या गाडीचा हे विकणाऱ्यालाही माहीत नसे. तसे माहीत नसणेच आपल्या फायद्याचे, हे शहाणपण मी तिथे शिकलो. मुंबईला गेलो तर कुर्ल्याचा भंगार बाजार ठरलेला.

तो काळच टंचाईचा होता. नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि वापरलेली गाडी कधी कधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हळूहळू हे चित्र पालटले. मात्र त्याच टंचाईमुळे जुन्या मोटारी टिकल्या, हेही खरे. दुसऱ्या देशांत ज्या केव्हाच वितळल्या असत्या त्या आपल्याकडे नाइलाजाने जगल्या. संस्थानिकांच्या मौल्यवान गाड्या परदेशी ग्राहक उचलून नेऊ लागले तेव्हा १९७२ मध्ये सरकारने अशा जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकाने अहमदाबादजवळ कठवाडा येथे त्यांचे संग्रहालयच उभारले. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइसला अशी कायद्याची आणि छपराची सावली मिळाली. डॉक्टरांच्या, कंत्राटदारांच्या, बंगलेवाल्यांच्या शेव्हर्लेला ती कोण देणार? आमच्या बंगल्याचे मालक वारले, वारसांत वाटण्या झाल्या, आणि एका पावसाळ्याआधी ती फ्लीटमास्टर वजनावर भंगारात गेली. वडील त्या दिवशी ड्युटीवर होते. घरी आल्यावर त्यांनी वहीत तारीख घातली, बाकी काही लिहिले नाही.

मग संगणकाचे युग आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबईत २००० साली सुरू झालेले ‘बाझी’ हे लिलावाचे संकेतस्थळ २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘ईबे’ने घेतले. त्यानंतर जे घडले ते पाहायला वडील हवे होते. ज्या गॅस्केटसाठी त्यांनी दोन वर्षे पत्रे लिहिली, ते आज रात्रीच्या जेवणाआधी ओहायोतल्या एखाद्या विक्रेत्याकडे छायाचित्रासह दिसते. ज्ञान गुप्त ठेवणाऱ्या मिस्त्रींची मक्तेदारी मोडली, लहान गावातल्या छंदिष्टाला मुंबईकराइतकीच संधी मिळाली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ‘एक्सचेंज अँड मार्ट’ची छापील आवृत्ती २००९ मध्ये बंद झाली याचे म्हणूनच नवल नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. वस्तू विकली गेली की इंटरनेटवरची जाहिरात पुसली जाते. ‘ईबे’चे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले, आणि भारतात कोणी कोणती गाडी, कोणता भाग, किती रुपयांना विकला याची चौदा वर्षांची नोंद सामान्य वाचकाच्या हातून गेली. उलट १९६० सालचे वृत्तपत्र आजही एखाद्या जुन्या ग्रंथालयात बांधीव खंडात सापडते, आणि त्यातली अडीच ओळींची जाहिरात त्या मोटारीचे साल, अवस्था, किंमत आणि तिच्या मालकाचा पेठेसकट पत्ता सांगते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणी मालिका दिली. सामान्य माणसाच्या गाडीलाही वारशाचा मान मिळण्याची ती सोय आहे. पण त्या गाडीचा पूर्वेतिहास जुळवायचा तर तो कुठून?

हा प्रश्न आपल्या मावळाच्या अगदी दाराशी आला आहे. जी कंपनी १९५४ मध्ये शिवडीतून गेली, तिनेच २००८ साली तळेगावला कारखाना उघडला. तिथे बनलेल्या शेव्हर्ले बीट आपल्या चर्चच्या आवारातही रविवारी उभ्या दिसत. २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन संपले, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. आपल्या तालुक्यात जन्मलेली मोटार पुन्हा पोरकी झाली.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाला आपल्या बीटसाठी एक भाग हवा होता. माझ्यासमोर बसून त्याने मोबाइलवर तो शोधला. भाग कोल्हापूरला निघाला, दहा मिनिटांत सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे ती जाहिरात पुन्हा पाहायला मागितली. ती नव्हती. वडिलांच्या वहीची शेवटची वीस-बावीस पाने कोरी आहेत. त्यांतल्या पहिल्या पानावर मी शाईने लिहून ठेवले: शेव्हर्ले बीट, तळेगावची, मागचा डावा दिवा, कोल्हापूर, आणि त्याने मोजलेले पैसे.