आईच्या माथी आलेला दोष

१९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत तेहतीस टंकलिखित पानांत लिहून बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांच्याकडे पाठविली. मुलाला माणसांचे सोयरसुतक नव्हते. हाती लागेल ती वस्तू भिंगरीसारखी फिरवीत तो तासन्‌तास बसे. १९४३ मध्ये कॅनर यांनी अशा अकरा मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पहिला मुलगा हाच. स्वमग्नतेचे शास्त्र त्या निबंधापासून सुरू झाले. परंतु वडिलांनी इतके बारकावे नोंदावेत, हेदेखील कॅनर यांना घरच्या अतिरिक्त काटेकोरपणाचे चिन्ह वाटले. ज्या डोळसपणावर शास्त्र उभे राहिले, तोच डोळसपणा खटकला!

वास्तविक ही उणीव जन्मजात असावी, असे त्याच निबंधात म्हटले होते. ते मत मागे पडले आणि आईबापांच्या थंडपणाची गोष्ट तेवढी लोकांच्या तोंडी राहिली. १९४९ साली खुद्द कॅनर यांनीच अशा घरांना शीतकपाटाची उपमा दिली. पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात या विचाराला अधिकच धार आणली. मुलाला घरापासून दूर, संस्थेत ठेवावे, हा त्यांचा उपाय. आधीच खचलेल्या आईला यापेक्षा कठोर शिक्षा कोणती असणार?

प्रतिवाद आला तो मुख्यतः आईबापांकडूनच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलातील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ च्या ग्रंथात त्यांनी या व्याधीचे मूळ मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही, असे साधार मांडले, आणि त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली कॅनर यांनी. १९६९ साली वॉशिंग्टन येथे पालकांच्या सभेत त्याच वृद्ध कॅनर यांनी आईबापांना दोषमुक्त केल्याचे जाहीर केले. सव्वीस वर्षांनी का होईना, हे त्यांच्या तोंडून निघाले, हे महत्त्वाचे.

दोष गेला, पण मुलाशी वागावे कसे हा प्रश्न उरलाच. शिकागो विद्यापीठातच शिकलेले एरिक शॉप्लर यांनी उत्तर कॅरोलायनात उलटी वाट धरली. आईबाप एकतर्फी आरशाआडून शिक्षकाचे काम पाहत. मग स्वतः मुलापुढे बसत आणि शिक्षक आरशाआड जात. १९७१ च्या लेखात शॉप्लर व त्यांचे सहकारी यांनी पालकांना सहचिकित्सक म्हटले. १९७२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्या कार्याला मान्यता दिली. लॉस एंजेलिसचे लोव्हास यांनाही १९७३ साली असेच आढळले: पालक शिकले होते तेथे मुलांची प्रगती टिकली, संस्थेत परत गेलेल्या मुलांची ओसरली. (त्यांच्या पद्धतीत मुलांना शारीरिक शिक्षाही होत्या, हे मात्र विसरता येत नाही.)

हा धागा गोव्यापर्यंत येतो. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन व सहकाऱ्यांनी इंग्लंडात १५२ मुलांवर तपासलेली पद्धती गोव्यात व रावळपिंडीत ६५ मुलांवर अजमावली गेली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. शिकविणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. आईबापांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला, मूल स्वतःहून संवाद साधू लागले; मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ घटला. यश निर्भेळ नव्हते.

याच जातीचे काम पुढे ऑस्ट्रेलियात वर्षाच्या आतबाहेरच्या, स्वमग्नतेची पूर्वचिन्हे दिसणाऱ्या १०३ तान्ह्यांवर झाले. २०२१ च्या वृत्तान्तानुसार तिसऱ्या वर्षी निदान झाले ते या गटात सुमारे सात टक्क्यांना, नेहमीची मदत मिळालेल्या गटात सुमारे वीस टक्क्यांना. मुले थोडी आहेत. शिवाय निदान टळले म्हणजे अडचण सरली असे नव्हे.

या पद्धतीत औषध नाही. आई बाळाशी खेळते, त्याचे चित्रण होते, आणि मग कार्यकर्तीच्या शेजारी बसून आई ते पाहते. बाळाने खुळखुळ्यावरची नजर उचलून निमिषभर तिच्याकडे टाकलेली असते. त्या क्षणी चित्र थांबवायचे, आणि नंतर तिने काय केले ते दोघींनी पाहायचे.