पुरोगामी राज्य कोणते? ऑरेगनची मते आणि वायोमिंगच्या खाणी

अमेरिकेतील कोणते राज्य राहण्यास सर्वांत पुरोगामी, या प्रश्नाचे उत्तर हल्ली नकाशावरच्या दोन रंगांनी दिले जाते. निळी राज्ये पुढारलेली, लाल राज्ये मागासलेली, हिशेब संपला. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे निघालेली आपल्याकडची मुलेही हाच नकाशा समोर ठेवतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो फारसा उपयोगी पडत नाही. राज्य कोणत्या वर्षी, कोणत्या बाबतीत आणि मुख्य म्हणजे कोणासाठी पुरोगामी होते, हे विचारल्याखेरीज तुलनेला सुरुवातच करता येत नाही.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. विवाह, मालमत्ता, शाळा, फौजदारी कायदा, निवडणुकांची व्यवस्था हे सारे अमेरिकेत मोठ्या प्रमाणात राज्यांच्या हाती असते. त्यामुळे सीमा ओलांडली की माणसाचे हक्क खरोखर बदलत असत. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहावरील बंदी रद्द केली, तेव्हाही ती १६ राज्यांत लागू होती. मॅसॅच्युसेट्सने तीच बंदी १८४३ सालीच उठवली होती.

आता वायोमिंग पाहा. आजच्या नकाशावर हे राज्य गडद लाल. पण १० डिसेंबर १८६९ रोजी स्त्रियांना मतदानाचा आणि पदे धारण करण्याचा हक्क देणारा कायदा झाला तो इथेच. तेव्हा वायोमिंग पूर्ण राज्यही नव्हते, केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेश होते. विधेयक मांडणारे विल्यम ब्राइट हे दारूचा गुत्ता चालवणारे गृहस्थ. हेतू शुद्ध होते असे समजू नये. त्या माळरानात प्रौढ पुरुषांच्या मानाने स्त्रिया फारच थोड्या होत्या, प्रदेशाचे नाव चार ठिकाणी गाजावे आणि वस्ती वाढावी हा विचार उघड होता, शिवाय विरोधी पक्षाच्या गव्हर्नरला पेचात पकडण्याची हौस. गव्हर्नरने सही करून टाकली! पुढच्याच विधिमंडळाने कायदा मागे घेण्याचा घाट घातला, तेव्हा त्याच गव्हर्नरने, जॉन कॅम्पबेल यांनी, नकाराधिकार वापरला आणि तो मोडण्यास विरोधकांना एक मत कमी पडले. १८९० साली वायोमिंग राज्य झाले ते स्त्रियांचा हक्क राखूनच.

आणि याच वायोमिंगमध्ये २ सप्टेंबर १८८५ रोजी रॉक स्प्रिंग्ज येथील कोळशाच्या खाणींवर गोऱ्या कामगारांच्या जमावाने चिनी वस्ती जाळली. २८ चिनी खाणकामगार मारले गेले. भर दिवसा घडलेल्या या हत्याकांडाबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. चिनी माणसाला कायद्याने नागरिक होता येत नव्हते, म्हणजे मताचा प्रश्नच नव्हता. स्त्रियांच्या हक्काचा इतिहास लिहिणारा हे प्रकरण गाळतो आणि चिनी स्थलांतरितांचा इतिहास लिहिणारा ते गाळत नाही. वायोमिंगची दोन चित्रे तयार होतात, ती अशी.

‘पुरोगामी’ हे नावच ज्यांनी मिरवले त्यांच्याकडे वळू. विस्कॉन्सिनने १९११ साली राज्य आयकर आणि कामगारांच्या अपघात-भरपाईचा कायदा आणला, १९३२ साली देशातील पहिला बेकारी विमा कायदा केला. कामगाराने राहावे तर इथेच, असे त्या काळी कोणीही म्हटले असते. पण १९१३ साली याच विधिमंडळाने संस्थांमध्ये ठेवलेल्या ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला, आणि त्याच्या समर्थकांत नामांकित विद्वान होते. कॅलिफोर्नियात असा कायदा १९०९ पासून होता. पुढील काही दशकांत तिथे सुमारे २०,००० जणांवर या शस्त्रक्रिया झाल्या, इतर कोणत्याही राज्याहून अधिक. शास्त्रीय दृष्टी, तज्ज्ञांचे राज्य, समाजसुधारणा, हे तेव्हाच्या पुरोगाम्यांचे लाडके शब्द या कायद्यांनाही चिकटलेले होते.

कॅलिफोर्नियाची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९११ साली स्त्रियांना मत मिळाले, रेल्वे कंपनीची राजकारणावरील पकड सैल झाली. १९१२ साली हेच जॉन्सन थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. आणि १९१३ साली त्यांनीच सही केलेल्या कायद्याने ‘नागरिकत्वास अपात्र’ परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही नागरिकत्वास अपात्र ठरवले, आणि इम्पीरियल खोऱ्यात घाम गाळणारे पंजाबी शेतकरी त्याच कायद्याच्या कचाट्यात सापडले. जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवून ती कसायची, ही त्यांची रीत झाली. १९४६ साली नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला आणि १९५६ साली त्याच भागातून दलीपसिंग सौंद अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले.

आता ऑरेगन. या राज्यावर थोडे थांबावे लागेल, कारण इथे लोकांनी आपली मते आकड्यांत नोंदवून ठेवली आहेत.

१८४४ साली तेथील हंगामी सरकारने गुलामगिरीस बंदी केली. त्याच कायद्याने कृष्णवर्णीयांना ठरावीक मुदतीत प्रदेश सोडण्यास फर्मावले, न सोडल्यास फटक्यांची शिक्षा. फटके प्रत्यक्षात येण्यापूर्वी ती तरतूद बदलली, पण हे मांडणारे पीटर बर्नेट पुढे कॅलिफोर्नियाचे पहिले गव्हर्नर झाले, हेही नोंदवून ठेवावे. १८५७ साली राज्यघटनेबरोबर दोन प्रश्न मतदारांपुढे ठेवले गेले. गुलामगिरी असावी काय? ७,७२७ जण म्हणाले नको, २,६४५ म्हणाले हवी. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येऊ द्यावे काय? ८,६४० जण म्हणाले नको. हवे म्हणणारे अवघे १,०८१. गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांपेक्षा शेजारी कृष्णवर्णीय नको म्हणणारे अधिक भरले. बहुतेक वसाहतवाले छोटे शेतकरी होते. त्यांना गुलाममालकांची स्पर्धा नको होती आणि गुलामाचे माणूसपणही नको होते. १८५९ साली असे कलम घटनेत घेऊन संघराज्यात दाखल झालेले हे एकमेव राज्य.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. त्या वर्षी ऑरेगनचे हे कलम, केंद्रीय घटनादुरुस्तीने निष्प्रभ झाले असले, तरी छापील घटनेत तसेच होते.

पुढे विसाव्या शतकात हेच राज्य लोकशाहीच्या प्रयोगांचे तीर्थक्षेत्र ठरले. १९०२ साली नागरिकांनी स्वतः कायदा सुचवण्याचा आणि विधिमंडळाचा कायदा सार्वमताला टाकण्याचा हक्क मिळवला. देशभर त्याला ‘ऑरेगन पद्धत’ म्हणू लागले. स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव पाच वेळा पडला आणि सहाव्या वेळी, १९१२ साली, मंजूर झाला. वर्षभरातच अस्टोरिया आणि पोर्टलंडच्या लाकूडगिरण्यांतील भारतीय मजुरांमधून गदर चळवळ उभी राहिली. ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत होते. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथून १९०७ साली जमावाने भारतीय मजुरांना हुसकावून लावले होते. ऑरेगनमध्येही १९१० साली सेंट जॉन्स येथे दंगल झाली. तरीही अस्टोरियात कामगारांना सभा घेता आली, वर्गणी जमवता आली.

मात्र ज्या लोकपुढाकाराच्या हत्याराने स्त्रियांना मत मिळाले, त्याच हत्याराने १९२२ साली ऑरेगनच्या मतदारांनी सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती मंजूर केली. कॅथलिक शाळा बंद पाडणे हा उद्देश होता, आणि पाठीशी कू क्लक्स क्लान होता. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. १९२३ साली ऑरेगनने कॅलिफोर्नियासारखा जमीन कायदाही करून घेतला. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकाराच्या पंधराव्या घटनादुरुस्तीला या राज्याने संमती दिली ती १९५९ साली.

आज पोर्टलंडची गणना देशातील सर्वांत उदारमतवादी शहरांत होते, आणि ती चुकीची नाही. बाटल्या परत घेण्याचा १९७१ चा कायदा, टपालाने मतदान, असाध्य रुग्णाला इच्छामरणाचा हक्क, यांत ऑरेगन आघाडीवर होते. पण पोर्टलंड हे अमेरिकेतील सर्वाधिक गोऱ्या मोठ्या शहरांपैकी एक का, याचे उत्तर शोधताना १८५७ च्या त्या मतमोजणीकडे जावेच लागते.

बंदीचे कलम मतदारांनी १९२६ साली काढले. घटनेत उरलेली जुनी वांशिक शब्दयोजना काढण्याचा प्रस्ताव २००२ साली मतदानाला आला. सुमारे ७१ टक्के मतांनी तो मंजूर झाला. विरोधात पडलेली मते साडेतीन लाखांच्या आसपास होती.