मुधोजी म्हणावे ते कोणते?

माउली, लोणंद, तरडगाव करीत ज्ञानोबारायांची पालखी फलटणला येते. विमानतळावर मुक्काम पडतो. चार घास पोटात गेले की वारकरी गावात निघतो, रामरायाचं दर्शन घेतो, आणि मग त्याला पाट्या दिसू लागतात. मुधोजी मनमोहन राजवाडा. मुधोजी हायस्कूल. मुधोजी महाविद्यालय. दिंडीतला एखादा जाणता लगेच सांगतो, "अरे, हे तर शिवाजी महाराजांचे सासरे!" झालं! आयाबाया राजवाड्याच्या उंबऱ्याला हात लावून म्हणतात, आमच्या सईबाई इथंच खेळल्या.

भाव खरा, पण मुधोजी दुसरे, बरं का.

सईबाईंचे वडील मुधोजीराव नाईक निंबाळकर. त्यांची लेक 1640 साली भोसल्यांकडे गेली. राजवाड्याचे मुधोजीराव त्यानंतर दोनशे वर्षांनी आले. 1841 मध्ये अगदी लहान वयात ते गादीवर बसले. मूल काय राज्य करणार? कारभार साहेबजीबाईंनी पाहिला. 1860 पासून राजांनी स्वतः हाती घेतला आणि 1916 पर्यंत, म्हणजे एकूण पंचाहत्तर वर्षं, गादी त्यांचीच! त्यांना नुसतं 'सासरे' म्हणून मोकळं होणं बरं नव्हे. महाविद्यालय तर 1957 चं, संस्थान विलीन झाल्यानंतरचं.

नागपूरकर भोसल्यांतही मुधोजी आहेत. रघुजींचे पुत्र एक. आणि 1817 मध्ये सीताबर्डीला इंग्रजांशी लढाई झाली ते आप्पासाहेब, त्यांचंही नाव मुधोजीच. नाव जुळलं म्हणून लगेच सोयरीक जुळवू नका.

सोयरीक खरी होती ती वेगळीच. महाराजांचे आजोबा मालोजीराजे, त्यांची पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक. म्हणजे महाराजांच्या आजीचं माहेर तेच राणीचं माहेर. आणि गंमत बघा, फलटणच्या शेवटच्या राजांचं नाव काय? मालोजीराजे! 1948 साली संस्थान विलीन झालं ते यांच्याच काळात.

सईबाईंनी 5 सप्टेंबर 1659 ला राजगडावर देह ठेवला. संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे. माहेरी परत येणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं. पण त्यांची लेक सखुबाई आली. मुधोजीरावांचे नातू, बजाजींचे पुत्र महादजी, त्यांच्याशी तिचं लग्न झालं, आणि आईच्या माहेरी ती सून म्हणून नांदायला आली.